कचरा नसलेला किनारा

१

किनारा कसा आहे ते पाण्यावरून कळत नाही, कचऱ्यावरून कळतं, असं दादाचं ठाम मत होतं. आणि त्याच्या धंद्यात त्याच्या मताला किंमत होती. बेटावर पाहुण्यांना फिरवणाऱ्या गाड्या पुष्कळ. पण गर्दीच्या किनाऱ्यावर माणसं उतरवायची आणि स्वतः झाडाखाली पेंगत बसायचं, हे दादाला कधी जमलं नाही. त्याची जीप भलत्याच वाटेला लागायची. मागे बसलेले पाहुणे जीव मुठीत धरून विचारायचे, "अहो, पुढे रस्ता आहे का?" दादा म्हणायचा, "रस्ता असता तर तुमच्या आधी सगळं गाव पोचलं असतं." आणि मग झाडी संपायची, एकदम मऊ वाळू आणि कोणीसुद्धा नसलेला समुद्र समोर यायचा, आणि पाहुण्यांची बोलती बंद व्हायची. त्या एका क्षणासाठी दादा हा धंदा करायचा म्हटलं तरी चालेल.

पण नवा किनारा सापडला की तो लगेच कोणाला नेत नसे. आधी एकटा जायचा. भरतीची रेष धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचा आणि लाटांनी टाकलेला कचरा पायाने उलटापालटा करून बघायचा. बाटल्यांचा ढीग एकाच कोपऱ्यात असेल तर तिथे पाण्याला ओढ आहे, पोरांना उतरू द्यायचं नाही. नुसती पानं आणि काड्या असतील तर पाणी शांत. जाळ्याचे तुकडे दिसले तर मच्छीमारांची ये-जा आहे, त्यांना विचारल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. त्याची बायको म्हणायची, "लोकांचे नवरे समुद्रावरून शंख-शिंपले आणतात. आमचं ध्यान केर बघून येतं."

तर अशा या दादाला, बंद पडलेल्या साबणाच्या कारखान्यामागे, एक किनारा सापडला. कारखान्यावरून तो जन्मभर गेला होता. मागे शेळ्यांची पायवाट आहे हेही त्याला ठाऊक होतं. ती खाली कुठे जाते ते बघायचं तेवढं राहून गेलं होतं. त्या दिवशी पाहुणे नव्हते, जीप सावलीत लावली आणि उतरला.

खाली वाळूची छोटीशी कोर होती. दोन्ही बाजूंना काळे खडक, मध्ये सपाट, ओलसर वाळू. आणि कचरा नव्हता. बाटलीचं बूच नाही, दोरीचा तुकडा नाही, नारळाची करवंटी नाही, साधं एक पान नाही. दादा या टोकापासून त्या टोकापर्यंत चालला. खरं म्हणजे त्याला आनंद व्हायला हवा होता. असा किनारा शोधण्यात त्याची हयात गेली होती. पण ज्या घरात केराचा कण दिसत नाही तिथे बसायला माणूस बिचकतो, तसं त्याला झालं. एवढा समुद्र सगळीकडे काही ना काही टाकतो, मग इथेच का टाकत नाही?

परत फिरताना त्याला दिसलं, की एक वस्तू आहे. भरतीच्या रेषेवर, मघाशी तो जिथून चालत गेला होता बरोबर तिथेच, एक पिवळा प्लॅस्टिकचा पेला होता. सुलटा, कोणी टेबलावर ठेवावा तसा ठेवलेला. त्याची कड एका जागी चावून चावून खरखरीत झाली होती.

'मघाशी लक्ष गेलं नसेल,' असं म्हणून दादाने तो उचलला.

२

दादाची आई घरात होती आणि नव्हती. गेल्या वर्षापासून ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसायची, पण तोंड खिडकीकडे नसायचं, भिंतीकडे असायचं. आधी माणसांची नावं गेली, मग वार गेले, मग जेवलो की नाही तेही जायला लागलं. एक मात्र टिकून होतं. फाटकाशी जीप वाजली की आई म्हणायची, "दादा आला." ती त्याची आई, पण त्याला दादाच म्हणायची, कारण घरात आधी त्याला तसं म्हणणारं कोणीतरी होतं आणि त्याचंच सगळ्यांच्या तोंडी बसलं. 'एवढं एक राहू दे,' असं दादा रोज फाटक उघडताना मनात म्हणायचा. बाकी सगळं गेलं तरी चालेल, ती आपल्याला ओळखेनाशी होऊ नये. या एका भीतीपुढे त्याला दुसरं कशाचंच काही वाटत नसे.

पेला त्याने टेबलावर ठेवला. बायको तो उचलून केरात टाकायला निघाली, तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला.

"अगं, टाकू नकोस. चिमण्याचा आहे तो. दूध प्यायचं सोडून कड चावत बसायचा मेला."

बायको पेला हातात धरून जिथल्या तिथे उभी राहिली. लग्न होऊन ती या घरात आल्यापासून सासूच्या तोंडून हे नाव तिने ऐकलं नव्हतं.

चिमण्या म्हणजे दादाचा धाकटा भाऊ. बाबा पावाच्या कारखान्याची गाडी चालवायचे आणि रविवारी ती गाडी घरी असायची. मग सगळे आत बसायचे, मागच्या रिकाम्या ट्रेंवर दोघं भाऊ, अंगाला पावाचा गोड वास लागलेला, आणि बाबा कुठल्याही वाटेला गाडी घालायचे. "चला, आज कोणी न पाहिलेला किनारा!" बाबांची एक गंमत होती. नवा किनारा सापडला की निघताना घरातली एक वस्तू तिथे मुद्दाम विसरून यायची. कुठली, ते त्या दिवशी ठरायचं. आई भांडायची, "अहो, माझी झारी आहे ती!" बाबा म्हणायचे, "परत यायला काहीतरी कारण नको का? विसरलेली वस्तू माणसाला परत बोलावते." पेला असाच एका रविवारी राहिला होता. चिमण्या त्याच्यासाठी घरी येईपर्यंत रडला होता.

आणि मग एका रविवारी परत येताना गाडीत चिमण्याच नव्हता. पाण्याने नेला. शोधायला बेटभरच्या होड्या गेल्या, काही हाती लागलं नाही. बाबांनी त्यानंतर रविवारी गाडी कधी सुरू केली नाही. समाचाराला आलेल्या बायकांना आई सांगायची, "विसरून आलो हो आम्ही त्याला." बायका डोळ्यांना रुमाल लावायच्या. दु:खाने बोलते बिचारी, असं सगळे म्हणायचे.

त्या संध्याकाळी आईने पेल्यातून दूध घेतलं. खुर्ची खिडकीकडे फिरवायला लावली. "आणि तो बत्ता रे?" ती म्हणाली. "लोखंडाचा. माझ्या माहेरचा. तुझ्या बाबांनी तो ठेवला तेव्हा मी आठवडाभर अबोला धरला होता." आणि आई हसली. दादाने ते हसणं किती दिवसांनी ऐकलं! उगीचच जीपचं काहीतरी बघायचं निमित्त करून तो बाहेर गेला.

३

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा खाली उतरला. का उतरला, याचं कारण त्याने स्वतःला सांगितलं नाही.

ओल्या वाळूत बत्ता उभा होता. जड, काळा, वरचं टोक हाताने घासून गुळगुळीत झालेला. गंजाचा ठिपका नाही.

"म्हणजे लोखंड तरंगत आलं?" बायकोने विचारलं. बत्ता तिने हातात घेतला नाही, नुसता लांबून बघितला. "आणि हे तुम्ही मला सांगताय? कचऱ्याचे पंडित!"

"वाळूत गाडलेला असेल. लाटांनी वाळू ओढली, वर आला."

"त्याच किनाऱ्यावर गाडलेला?"

"बाबा गेले असतील तिथे."

"मग तुम्हाला तो किनारा आठवायला नको?"

 पण आत आई बत्ता मांडीवर घेऊन माहेरचं स्वयंपाकघर सांगत होती, कुठे फडताळ, कुठे पाण्याचं पिंप, कुठल्या खिडकीतून मांजर यायचं. आणि उत्तर शोधत बसण्यापेक्षा दादाला ते ऐकायचं होतं. बायको जवळ आली आणि हळूच म्हणाली, "सुखासुखी काही मिळालं की मला धडकी भरते, एवढंच." ती तशीच होती. लॉटरी लागली असती तरी तिने आधी तिकीट उलटं करून बघितलं असतं.

मग रोजचं झालं. झारी आली. कानतुटकी किटली आली. बाबांचा दाढीचा आरसा आला, न फुटता. दादा सकाळी पाहुण्यांना फिरवायचा आणि दुपारी साबणाच्या कारखान्यामागे उतरायचा. त्या किनाऱ्याबद्दल तो पाहुण्यांना एक अवाक्षर बोलला नाही. वाट दिसू नये म्हणून त्याने वरच्या बाजूला झुडपं तोडून आडवी टाकली. आईच्या गालावर रंग आला. वस्तू टेबलावर रांगेत मांडायची, पुसायची, प्रत्येकीचा रविवार सांगायची. कुठल्या किनाऱ्यावर खेकड्याने बाबांचा अंगठा धरला, कुठे पाऊस लागला आणि चौघं गाडीत बसून पाव खात राहिले. दादालाही एकेक आठवायला लागलं. पावाच्या ट्रे थंड असायच्या, मांडीला जाळी उमटायची, आणि गाडी वळली की चिमण्या घसरत येऊन त्याच्या अंगावर आदळायचा आणि मुद्दाम तिथेच पडून राहायचा. 

आई संध्याकाळी ज्या वस्तूचं नाव काढते तीच दुसऱ्या दिवशी वाळूत असते, हे त्याच्या लक्षात आलं होतं. पण लक्षात येणं वेगळं आणि मनावर घेणं वेगळं. त्याने ते मनावर घेतलं नाही.

४

"बादली राहिली की," आई एकदा म्हणाली. "लाल. चिमण्याची."

दुसऱ्या दिवशी लाल बादली वाळूत होती. दादाने ती उचलली आणि तसाच उभा राहिला.

बादली निळी होती.

निळी होती, यात शंका नाही. दुकानात ती दादानेच निवडली होती. चिमण्याला लाल हवी होती, आणि लाल नव्हती म्हणून तो दुकानात लोळला होता. बाबांनी त्याला तसाच काखोटीला मारून आणला होता. लाल बादली या घरात कधी आलीच नव्हती. आणि ही हातात होती, लाल, कड जुनी, कडी वापरून सैल झालेली.

दादाने घरी येईपर्यंत स्वतःशी वाद घातला. इतक्या वर्षांची गोष्ट, माणसाचं डोकं काही लोखंडी पेटी नाही. आईच्या लक्षात बरोबर असेल, माझ्याच लक्षात चूक. लाल काय नि निळी काय! पण वाद मिटेना. शेवटी त्याने असं काही केलं, की नंतर त्याला वाटलं हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

संध्याकाळी तो सहज म्हणाला, "आई, आणि ती छत्री आठवते का? पोपटाच्या मुठीची?"

अशी छत्री नव्हती. त्याने ती तिथल्या तिथे रचली होती.

आई क्षणभर थांबली. मग तिचा चेहरा उजळला. "आठवते की! हिरवीगार होती. तुझ्या बाबांनी आणली होती हौसेने."

बायकोने स्वयंपाकघराच्या दारातून दादाकडे बघितलं. दादाने मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी तो पायवाट उतरला. छत्री वाळूत आडवी पडली होती. हिरवीगार. कापड बाबांच्या काळातलं, एका काडीपाशी शिवलेलं. त्याने मूठ हातात घेऊन वळवली. पोपटाचा गळा होता, पाठ होती, डोक्याचा गोल होता. आणि पुढे काही नव्हतं. चोच नाही, डोळे नाहीत. झिजून गेले असते तर खूण राहिली असती. इथे लाकूड गुळगुळीत होतं. चोचीबद्दल कोणी काही बोललंच नव्हतं, म्हणून ती नव्हती.

दादाने छत्री होता नव्हता तेवढा जोर लावून पाण्यात भिरकावली आणि धापा टाकत वर आला. मागे वळून बघितलं नाही.

"छत्री मिळाली का रे?" आईने विचारलं.

"नाही," दादा म्हणाला. आईशी तो असा धडधडीत खोटं बोलला.

"नसू दे," आई म्हणाली. "तसंही आता एकच राहिलंय."

५

दादाने किनाऱ्यावर जाणं बंद केलं. बायकोने एका गोणीत सगळ्या वस्तू भरल्या आणि गोणी बाहेरच्या खोलीत नेऊन ठेवली. "फेकायचं काय ते तुम्ही फेका," ती म्हणाली, "मी हात लावला एवढं पुष्कळ झालं."

 खुर्ची आईने स्वतःच भिंतीकडे फिरवली. दोन घास, मग एक घास, मग तोही नाही. डॉक्टर आले, वयाकडे बोट दाखवून गेले. एका दुपारी दादाने फाटकाशी जीप थांबवली, घरात आला, आणि आई नुसती बघत राहिली. "दादा आला," म्हणाली नाही. तो तिच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला. बऱ्याच वेळाने तिचे ओठ हलले आणि "दादा," असं ती म्हणाली, पण विहिरीतून पोहरा ओढावा तसं ते नाव तिने वर ओढलं होतं.  म्हणजे वेळ आली. आता आपली पाळी.

तो तिच्या पायाशी बसला. "काय हवंय आई तुला?"

"मला त्याचा चेहरा येत नाही रे," आई म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. "हाक मारावीशी वाटते, पण मारू कोणाला? चेहराच येत नाही."

घरात चिमण्याचा फोटो नव्हता. फोटोच्या दुकानात दादाला नेलं होतं. चिमण्याला पुढच्या वर्षी नेऊ म्हणता म्हणता राहून गेलं.

दादाला छत्रीची मूठ आठवली.  आईला आठवू नकोस म्हणून कसं सांगणार? ती आठवत होती, रोज, भिंतीकडे तोंड करून. आणि खाली, साबणाच्या कारखान्यामागे, वाळू सपाट आणि ओली होती. आपण गेलो नाही म्हणून तिथे काही येत नसेल, असं थोडंच आहे!

हे त्याने बायकोला सांगितलं. 

"मग काय करणार?"

"तिला सांगणार. तो कसा दिसायचा ते. सगळं. काही म्हणता काही सुटू देणार नाही."

"अहो, काहीतरीच काय? येऊ नये म्हणून काय करता येईल ते बघा ना!"

"आणि आला तर? अर्धवट आला तर?"

 स्वयंपाकघरात जाऊन बायकोने भांडी घासायला घेतली, घासलेलीच.

दुपारी दादा आईजवळ बसायला लागला. केस कसे, तर मऊ, उन्हात तांबूस दिसायचे. डोक्यात दोन भोवरे, म्हणून बाबा म्हणायचे हा दोन लग्नं करणार. कान बाहेर आलेले. चालताना उजवा पाय जरा आत पडायचा. हसला की आधी आवाज यायचा नाही, नुसते खांदे हलायचे. आई डोळे मिटून ऐकायची आणि दुसऱ्या दिवशी तोंडपाठ म्हणून दाखवायची. जेवायला लागली. दादा आत आला की पुन्हा "दादा आला" म्हणायला लागली. दादाला वाटलं, आपण केलं ते बरोबरच केलं.

मग ती म्हणाली, "आणि नाक?"

दादाने तोंड उघडलं आणि त्याच्या ध्यानात आलं, की आपल्याला येत नाही. नाक येत नाही. भुवया येत नाहीत. ओठ, हनुवटी, काही नाही. गाडी वळली की अंगावर घसरून येणारं वजन आठवत होतं, केसांचा वास आठवत होता, पण चिमण्या मान वर करून बघायचा तेव्हा तिथे काय असायचं?

"उद्या सांगतो," तो म्हणाला.

बायकोने त्याला न्हाणीघरात आरशासमोर पकडलं. एका बोटाने तो नाकाच्या शेंड्याला हात लावून बघत होता.

"काय चाललंय?"

"दाढी."

"आणि साबण कुठे आहे?"

दादा खजील झाला. "अगं, एकाच आईबापांची लेकरं. नाक काय वेगळं असणार?" त्याच्या स्वतःच्या लहानपणच्या फोटोची चौकट काढून त्याने न्हाणीघरात आणली होती, ती तिला तेव्हा दिसली.

त्याने नाक सांगितलं, भुवया सांगितल्या, हनुवटीवरची खळी सांगितली. आई खुलत गेली. आता ती स्वतःच पुढच्या गोष्टी सांगायची. चिमण्या पावाच्या कारखान्यात पिठाच्या पिंपात पडला आणि पांढराफेक होऊन बाहेर आला, ते सांगून ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. पिंपात पडला होता दादा. शाळेच्या नाटकात झाड झाला होता, तोही दादा. ताप आला तेव्हा ती तीन रात्री जिच्या उशाशी बसून होती, ती खाटही दादाची. दादाला एकदा वाटलं, सांगावं. आई, तो मी. पण म्हातारीला एवढा आनंद होतोय तर होऊ दे. मेलेल्या भावाशी काय हिशेब करायचा! असं म्हणून त्याने तेही चिमण्याला देऊन टाकलं.

६

एका सकाळी आई स्वतःच तयार होऊन जीपमध्ये जाऊन बसली. केस विंचरलेले, वहाणा घातलेल्या. "चल रे दादा," म्हणाली. "ओहोटी आहे."

बायको फाटकाशी आली. तिने जीपची कड घट्ट धरली होती. "आई, नका हो जाऊ. तुम्ही तरी ऐका माझं."

"येते गं लगेच," आई म्हणाली. "पोर खाली एकटं आहे."

दादाने झुडपं बाजूला केली. पायवाटेवर आईला हात दिला, पण ती त्याच्या पुढेच निघाली, शेळीसारखी भराभर. कारखान्याची भिंत मागे पडली. समुद्राचा आवाज यायला हवा होता त्या वळणावर आवाज आला नाही. पाणी फार लांब गेलं होतं. ऊन लख्ख होतं, खडक चमकत होते, आणि दादाला वाटलं की आता खाली काहीच नसेल, नुसती वाळू असेल, आपण हिला थोडा वेळ बसवू आणि घरी नेऊ. हे त्याला इतकं मनापासून वाटलं की तो शेवटचा उतार जवळजवळ धावत उतरला.

ओल्या वाळूत, पाठमोरा, एक मुलगा बसला होता.

केस मऊ होते, उन्हात तांबूस दिसत होते. डोक्यात दोन भोवरे. कान बाहेर आलेले. खांदे हलत होते, आवाज न येता.  एवढी वर्षं! पळत जावं, उचलून घ्यावं, गाडी वळल्यावर तो यायचा तसा तो अंगावर येऊ द्यावा, असं दादाला झालं आणि पायही उचलला गेला. तेवढ्यात त्याला दिसलं, की मुलाचे दोन्ही हात कोपरापर्यंत वाळूत आहेत. खणत नव्हते, हलत नव्हते. नुसते आत होते.

हातांबद्दल आपण काहीच सांगितलं नाही, असं दादाला आठवलं.

त्याने आईचा हात पकडला. "आई, चल. वर चल आपण."

मुलाने मान वळवली. पुरती नाही, गाल दिसला, नाकाचा शेंडा दिसला, हनुवटीवरची खळी दिसली. दादाने ते नाक आजच सकाळी दाढी करताना बघितलं होतं.

"अगं बाई!" आई म्हणाली, आणि तिचा आवाज तरुण बाईसारखा झाला. "दादा! अरे दादा, उन्हात काय बसलास असा? ये इकडे!"

"आई, मी इथे आहे," दादा म्हणाला. "आई, हा बघ मी. तुझ्याजवळच उभा आहे."

आईने त्याच्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, भीती नव्हती; रस्त्यात कोणी परका गृहस्थ वाट विचारायला थांबला की सभ्य बाई जशी बघते तशी ती बघत होती. त्याच्या मुठीतून तिने आपला हात हळूच सोडवून घेतला.

"जरा सोडता का हो," ती म्हणाली. "माझा मुलगा वाट बघतोय तिथे."

ती वाळूत उतरली. चार पावलं गेली, आणि काय वाटलं कोण जाणे, थांबून मागे वळली. टक्कल पडायला आलेला, घामाघूम झालेला, ढसाढसा रडणारा तो माणूस बघून तिला त्याची दया आली असावी.

"तुम्ही एकटेच आलात का?" तिने मायेने विचारलं. "तुमची आई कुठे आहे?"